खिशातलं हँडल

"माझ्या आईवर विषप्रयोग होतोय," यामिला म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दांना घाबरून खुर्चीत बसली.

खुर्ची डुलती होती. ती मागे गेली, तशी अनिसेतोने तिची पाठ धरली.

सोराइदाने डॉमिनोच्या सोंगट्या बाजूला सारल्या. मातान्सासच्या पोलीस प्रयोगशाळेत रक्त, राख आणि रंग तपासण्यात तिची हयात गेली होती. आता ती निवृत्त होती, पण गल्लीला हे मान्य नव्हतं. कुणाची कोंबडी नाहीशी झाली, कुणाला निनावी धमकी आली, की पावलं तिच्याच ओसरीकडे वळत. शेजारचा अनिसेतो हा भूगोलाचा निवृत्त मास्तर. तो डॉमिनो खेळायला म्हणून येई आणि गुन्ह्यासाठी थांबे.

"कोण करतंय?" सोराइदाने विचारलं.

"एवेलिओ. तो टॅक्सीवाला. त्यानं आईला लग्नाची मागणी घातलीय." विषापेक्षा मागणीच मोठा गुन्हा असावा, असा यामिलाचा सूर होता.

हकीकत अशी होती. यामिलाची आई रेग्ला साठी ओलांडलेली विधवा. दान्सोन या संथ जोडीनाचाच्या जुन्या वाद्यवृंदात ती डबल बास वाजवायची, म्हणजे माणसाच्या उंचीचं ते थोराड तंतुवाद्य. दर शनिवारी दुपारी लिमोनार गावच्या सभागृहात म्हातारेकोतारे नाचायला जमत, तिथे तिला जायचं असे. फेब्रुवारीपासून एवेलिओ तिला आपल्या गाडीतून नेऊ लागला, आणि तेव्हापासून तिथे पोचेपर्यंत रेग्लाचं डोकं ठणकू लागे, पोटात ढवळे, पाय लटपटत.

"गेल्या शनिवारी मी बसने मागोमाग गेले, तर भिंतीला टेकून बसलेली, आणि मला मावशीच्या नावानं हाक मारली. मावशी जाऊन कैक वर्षं झालीत. डॉक्टर म्हणतात, काही नाही. आणि संध्याकाळी परत येते ती ठणठणीत. गाडी तीच, माणूस तोच."

"जाताना काय खाते?"

"खात नाही, पिते. कॉफी. त्याच्या घरून थर्मासमधून येते. तिची गोड, वेगळी. तो आपली कडू पितो, वेगळ्या बाटलीतून. येताना कॉफी नसते." यामिला पुढे झुकली. "आणि सोराइदामावशी, मागच्या काचा बंद. काच खाली करायचं हँडल त्याच्या खिशात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"हँडल काय, सगळेच ड्रायव्हर खिशात ठेवतात," अनिसेतो म्हणाला. "चार दारांत मिळून एकच उरलेलं असतं. सवारीच्या हातात दिलं की तेही मोडायचं."

"सगळ्या गाड्यांत माझी आई नसते, मास्तर."



"येत्या शनिवारी ती त्याला होकार देणार," यामिला म्हणाली. "म्हणजे त्याच्या घरी राहायला जाणार, आणि मग रोज तीच कॉफी. तोवर काही कळलं नाही तर मी सरळ पोलिसांत जाते."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, प्रेमात पडलेल्या बाईला चक्कर यायचीच."

सोराइदा हसली नाही. "तिला जाऊन भेटते," ती म्हणाली.

रेग्ला अंगणात कपडे वाळत घालत होती. बाई धिप्पाड, आवाज बासला शोभेल असा. दोरीवर एक भलीमोठी पांढरी खोळ लोंबत होती. पांढरी म्हणजे, कधीकाळी पांढरी.

"बासची खोळ," रेग्ला म्हणाली. "दर आठवड्याला घासते, पण कोळसा उगाळावा तितका काळाच."

"लिमोनारचा रस्ताच धुळीचा," अनिसेतोने सहानुभूती दाखवली.

सोराइदाने खोळीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. खोळीचा मानेकडचा अरुंद भाग बऱ्यापैकी स्वच्छ होता. काजळी होती ती खालच्या रुंद भागावर.

"गाडीत बास ठेवता कुठे?"

"डिकीत. अंग आत, मान बाहेर, आणि झाकण दोरीनं बांधलेलं. रस्त्यावरची पोरं हात करतात मला. कुणाची तरी मिरवणूक चाललीय असं वाटतं त्यांना."

"ज्या शनिवारी चक्कर आली नाही, असा एखादा आठवतो?"

रेग्लाने आठवून पाहिलं. "एप्रिलमधला एक. बासची फळी निखळली होती, तो दुरुस्तीला दिला होता. त्या दिवशी मी नुसता खुळखुळा वाजवला. दोन कप कॉफी प्याले होते, तरी काही झालं नाही."

"काचा त्या दिवशीही बंदच?"

"बंदच की. निघायच्या आधी मी झग्याला इस्त्री करते. इस्त्रीनं तापलेल्या अंगावर वारा घेतला की तोंड वाकडं होतं. माझ्या मावशीचं झालं होतं. मी एकदाच बोलून गेले, तर तेव्हापासून एवेलिओ स्वतः उतरून दोन्हीकडच्या काचा वर करतो. येताना कुठली आलीय इस्त्री? काचा उघड्या, वारा खात येते."

अनिसेतोने मान डोलावली. इस्त्री करून वाऱ्यात जाऊ नये हे त्यालाही आईने शिकवलं होतं. खुद्द सोराइदा, इतकी विज्ञानातली बाई, पण इस्त्रीनंतर तासभर दाराबाहेर पडत नसे.

"एक विचारू? तुम्ही मागेच का बसता?"

रेग्लाचे हात दोरीवर थांबले.

"त्यानं मागचं दार उघडलं, मी बसले. आधी वाटलं, मान देतोय." ती चिमटा उगाचच काढून पुन्हा लावू लागली. "इतके महिने झाले, अजून मला 'तुम्ही' म्हणतो. रस्त्यावरची कुणीही सवारी त्याच्या शेजारी बसते. मी नाही. यामिलाला वाटतंय मी शनिवारी होकार देणार. मला तसं वाटत नाही, बाई. या वयात कुणाच्या गाडीतली सवारी होऊन राहायला मला नाही जमायचं."

बाहेर पडल्यावर अनिसेतो म्हणाला, "बिचारी. मला तर कॉफीचाच संशय येतो."

"तुला कॉफीशिवाय दुसरं सुचतं काय?" सोराइदा म्हणाली.

एवेलिओ घरासमोर गाडी धूत होता. बावन्न सालची अमेरिकन गाडी, रंग पिस्त्याचा, चमक नव्या नवरीची. माणूस मात्र काटकुळा आणि लाजाळू. त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेल्या कॉफीसारखा करपला होता, उजवा चांगला उजळ.

"हाताला काय झालं?" अनिसेतोने विचारलं.

"ऊन. वळायच्या दिव्यांनी कधीच राम म्हटला, तेव्हा हात बाहेर काढूनच दाखवतो. माझी काच कधी वर जातच नाही."

"गाडीत धुराचा वास येतो थोडा."

"म्हातारी आहे, मास्तर. वास आला नाही तर बंद पडली समजा."

सोराइदा वाकून गाडीखाली बघत होती. धुराच्या पाइपाला सरबताचा पत्र्याचा डबा कापून गुंडाळला होता आणि वर तार आवळली होती.

"ते माझंच काम," एवेलिओ अभिमानाने म्हणाला. "फटफट अगदी गेली."

मग तिने डिकी उघडवली. आतलं घोंगडं उचललं. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पत्रा नव्हता, रंगवलेला पुठ्ठा होता.

"पत्रा गंजून गेला. पुठ्ठा दिसत नाही कुणाला."

"जरा बसून बघते," म्हणत सोराइदाने पुढचं दार उघडलं. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर विणलेलं पांढरंशुभ्र आच्छादन होतं.

"तिथं नको," एवेलिओ घाईने म्हणाला. "मागे बसा ना."

"ती मिग्दालियाची जागा," दारातून आवाज आला. एवेलिओची थोरली बहीण तोमासा कंबरेवर हात ठेवून उभी होती. "माझी भावजय. चार वर्षं झाली तिला जाऊन. धंद्याच्या वेळी तिथं कुणीही बसो, सवारीला काही तोंड नसतं. धंदा संपला की मी आच्छादन चढवते. मग घरचं माणूस तिथं बसणार नाही."

एवेलिओने फडकं पिळलं आणि खाली बघत राहिला.

"रेग्लासाठी कॉफी तुम्ही करता?" सोराइदाने तोमासाला विचारलं.

"मीच करते."

"काय घालता?"

"साखर. आणि थोडा राग." तोमासाने पापणीही हलवली नाही. "दुसरी बाई येऊन मिग्दालियाच्या कपातून पिणार, याचा मला आनंद कशाला होईल? पण विष घालायचं असतं तर वर इतकी साखर कशाला वाया घालवली असती? साखर मिळते का हल्ली?"

सोराइदा आता मात्र हसली. "शनिवारी दुपारी गाडी, बास आणि कॉफी घेऊन रेग्लाच्या दारात या. तुम्हीही या, तोमासा. लिमोनारला निघायच्या आधी मला एक फेरी मारायचीय."

शनिवारी रेग्ला इस्त्रीचा निळा झगा घालून दारात उभी होती. बास डिकीत चढला, मान बाहेर, झाकण दोरीने बांधलेलं. यामिला हाताची घडी घालून बघत होती.

"मास्तर, तू रेग्लाची कॉफी प्यायचीस," सोराइदा म्हणाली. "दोन कप. आणि पुढे बसायचंस."

"मी?"

"मी कॉफी पिणार नाही. मी मागे बसणार, काचा बंद करून. एवेलिओ, हँडल माझ्याकडे द्या."

तोमासाने ओठ आवळले, पण मास्तर परका माणूस, सवारीच म्हणायची. तिने आच्छादन काढून घेतलं.

अनिसेतोने कॉफी घशाखाली उतरवली. कॉफी फारच उत्तम होती, आणि त्यामुळे त्याला अधिकच भीती वाटली. गाडी मोन्सेर्रातेच्या टेकडीला वळसा घालून उसाच्या रानाकडे निघाली. त्याने स्वतःची नाडी धरली. पोटात काही होतंय का बघितलं, आणि बघितल्यामुळे होऊ लागलं. आपण मेलो तर सोराइदा डॉमिनो कुणाशी खेळेल, असा विचार त्याच्या मनात आला. तिला इतक्या वर्षांत सांगायचं राहून गेलेलं पुष्कळ होतं, ते आता एवेलिओच्या देखत कसं सांगणार?

रान संपत आलं तरी त्याला काहीही झालं नव्हतं.

"सोराइदा, मी ठीक आहे," तो आनंदाने म्हणाला.

मागून उत्तर आलं नाही. त्याने वळून पाहिलं. सोराइदाचं डोकं काचेला टेकलं होतं आणि हँडल तिच्या मांडीवर तसंच पडलं होतं.

"थांबव! गाडी थांबव!"

अनिसेतोने मागचं दार ओढलं आणि तिला धरून गवतावर आणलं. आपल्या अंगात एवढं बळ असल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. एवेलिओ टोपीने वारा घालत होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बऱ्याच वेळाने सोराइदाने डोळे नीट उघडले.

"डोकं जड व्हायला लागलं की लगेच काच उघडायची, असं ठरवलं होतं," ती हळू म्हणाली. "पण हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं, तेच आठवेना. गंमत आहे ना?"

"गंमत?" अनिसेतोचा आवाज फुटला. "पुन्हा असं केलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. तुझ्याशिवाय मी दुपारी जायचं कुठं?"

सोराइदाने त्याचा हात थोपटला. परत येताना सगळ्या काचा उघड्या होत्या आणि अनिसेतो मागे तिच्याजवळ बसला होता.

रेग्लाच्या दारात सगळे गाडीभोवती उभे राहिले. सोराइदाला खुर्ची दिली होती. तिचा आवाज अजून पातळ होता, पण डोळे तेच होते.

"आधी कॉफीचं बघू. मास्तर दोन कप प्याला आणि रेड्यासारखा धडधाकट आहे. मी थेंब घेतला नाही आणि मी आडवी झाले. एप्रिलमध्येही रेग्ला दोन कप प्याली, तरी तिला काही झालं नव्हतं. तेव्हा तोमासाच्या हातात फक्त साखरच होती."

"आणि राग," तोमासा पुटपुटली.

"एप्रिलच्या त्या शनिवारी बाकी सगळं नेहमीसारखं होतं. माणूस, गाडी, बंद काचा, कॉफी. नव्हता तो फक्त बास. मग बास बाईला आजारी कसा पाडतो? खोळीनं सांगितलं. रस्त्याची धूळ असती तर बाहेर राहणारी मान मळली असती. पण काळं झालं होतं ते डिकीच्या आतलं अंग. आणि ती धूळ नव्हती, काजळी होती."

"धूर," अनिसेतो म्हणाला. त्याच्या डोक्यात उजेड पडायला सुरुवात झाली होती.

"धूर. पाइप फुटलाय. त्याला डबा गुंडाळलाय, त्यानं आवाज थांबला, धूर नाही थांबला. एरवी डिकी बंद असते, काचा उघड्या असतात, धूर वाऱ्यावर जातो. पण गाडी धावते तेव्हा तिच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते. झाकण उघडं असलं की तीच हवा धूर घेऊन डिकीत शिरते, आणि तिथून पुठ्ठ्याच्या फटीतून मागच्या सीटवर. वास गाडीत रोजचाच, त्याचं कुणाला काय? आणि त्यातला जो वायू माणूस मारतो, त्याला वासच नसतो."

"मग त्याला कसं काही होत नाही?" यामिलाने एवेलिओकडे बोट दाखवलं.

"त्याचा डावा हात बघ. तो सगळा रस्ता खिडकीबाहेर असतो. त्याला वारा मिळतो, आज शेजारच्या मास्तरलाही मिळाला. येताना आईच्या काचा उघड्या, तिलाही मिळतो. जाताना तेवढ्या त्या बंद."

"त्यानं बंद केलेल्या!"

"हो, यामिला. तुझ्या आईचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून. गाडीतून उतरून, दोन्ही बाजूंच्या, दर शनिवारी. इस्त्रीनंतर वारा घेऊ नये हे तुझ्या आजीनं तुला शिकवलं, माझ्या आईनं मला. या गावातल्या कुठल्याही भल्या माणसानं हेच केलं असतं. गुन्हेगार हवाच असेल तर आपल्या सगळ्यांच्या आया उभ्या कराव्या लागतील."

एवेलिओ चाकाशेजारी मटकन बसला.

"लिमोनार अजून थोडं लांब असतं तर?" त्याने विचारलं.

सोराइदाने रेग्लाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एक करपलेला हात, एक उजळ. यामिला त्या हातांकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने त्याच्यासाठी पाण्याचा पेला आणला. पोलिसांचं नाव त्यानंतर निघालं नाही.

"आता उपाय," सोराइदा म्हणाली. "सोमवारी पाइप वेल्डिंग करून घ्या आणि पुठ्ठ्याच्या जागी पत्रा ठोका. आजच्यापुरतं, डिकी घट्ट बंद आणि सगळ्या काचा उघड्या. बास डिकीत जाणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. तो मागच्या सीटवर आडवा ठेवायचा."

"मग रेग्ला कुठे बसणार?" अनिसेतोने विचारलं.

प्रश्न विचारून झाल्यावर त्याला समजलं की तो विचारायचा नव्हता. सगळे पुढच्या सीटकडे बघत होते. गाडी थांबल्याबरोबर तोमासाने तिथे आच्छादन पुन्हा चढवलं होतं.

रेग्लाने झग्यावरची नसलेली सुरकुती सारखी केली. "मी बसने जाईन," ती म्हणाली. "तुमचा काही दोष नव्हता, एवेलिओ. मला तेवढं कळलं, पुरे आहे."

एवेलिओ उठला.

"मिग्दालिया आजारी होती तेव्हा त्या जागेवर बसवूनच मी तिला दवाखान्यात न्यायचो," तो म्हणाला. "परकं माणूस बसलं की ती नुसती जागा असते. पण तुम्ही बसलात तर ती तिची जागा राहणार नाही, तुमची होईल. मला भीती वाटायची. तुमची नव्हे. ती गेल्याची."

रेग्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

पुढे झाली ती तोमासा. तिने दार उघडलं, वाकून आच्छादन काढलं, चार घड्या घातल्या आणि छातीशी धरलं.

"माझ्या भावजयीला मेलेल्यांपेक्षा जित्यांची काळजी असायची," ती रेग्लाला म्हणाली. "बसा. आणि साखर जास्त होत असेल तर सांगत जा, मला कुणी सांगत नाही."

बास मागच्या सीटवर आडवा गेला. त्याची मान पुढे आली, बरोबर ड्रायव्हर आणि शेजारची जागा यांच्या मधोमध, एखाद्या खाष्ट आत्येसारखी. रेग्ला पुढे बसली. आधी अगदी कडेला, मग नीट टेकून.

एवेलिओने खिशातून हँडल काढलं. तिच्या बाजूची काच त्याने पूर्ण खाली केली. आता हँडल पुन्हा खिशात जाणार, असं अनिसेतोला वाटलं. चार दारांत ते एकच होतं, आणि ड्रायव्हर ते कुणाच्या हातात देत नाहीत.

एवेलिओने ते रेग्लाच्या तळहातावर ठेवलं.

"तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला.

रेग्लाने मूठ मिटली. त्यातला 'तू' तिने ऐकला होता. दारात उभ्या असलेल्या यामिलानेही ऐकला असावा, कारण ती पदर नसल्यानं डोळे पुसायला काहीतरी शोधत होती.

"इस्त्री आत्ताच केलीय हं मी," रेग्ला म्हणाली. "वाऱ्यानं तोंड वाकडं झालं तर?"

"तर वाकड्या तोंडानं हो म्हण. मला चालेल."

रेग्ला बासच्या आवाजात हसली आणि हो म्हणाली. गाडी निघाली. वळणावर एवेलिओचा करपलेला हात डावीकडून बाहेर आला, आणि त्याच वेळी उजव्या खिडकीतूनही एक हात बाहेर आला. त्यात हँडल होतं.

"चल," सोराइदा अनिसेतोला म्हणाली. "परवाचा डाव अर्धा राहिलाय. आणि चालताना माझा हात धर, माझे पाय अजून लटपटतात."

पाय लटपटत नव्हते, हे अनिसेतोलासुद्धा कळलं. त्याने हात धरला.